मुक्कामी भटकंतीत मीठ-मसाला कसा बांधायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: चार माणसं, पाच दिवस, कापडी तंबू, स्वयंपाक लाकडाच्या चुलीवर, सगळं सामान पाठीवर आणि प्लास्टिक शक्यतो नको. मीठ आणि मसाले किती घ्यायचे, कशात न्यायचे, आणि दुसऱ्याच दिवशी मिठाचा दगड का होतो?

आधी एक गोष्ट पक्की करा. मीठ आणि मसाला एकाच पद्धतीने बांधायचे नसतात. मीठ कुजत नाही, त्याला बुरशी येत नाही, त्याचा वास उडून जात नाही. त्याला त्रास फक्त पाण्याचा, आणि पाणी लागलं तरी ते मीठच राहतं. मसाल्याला वाऱ्याचाही त्रास, उन्हाचाही, उष्णतेचाही; एकदा भिजला की तो वाळवून पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. म्हणून मिठासाठी ओल अडवणारं आणि सांडू न देणारं भांडं लागतं, तर मसाल्यासाठी लहान, ठासून भरलेलं, अंधारं आणि कमी वेळा उघडावं लागेल असं.

किती घ्यायचं

दिवसांवरून अंदाज काढण्यापेक्षा भांडी मोजा. किती वेळा काय शिजणार ते कागदावर लिहा. शिजलेल्या अन्नाच्या वजनाच्या साधारण १ टक्का मीठ बहुतेकांना पुरेसं लागतं. एका माणसाच्या पोटात दिवसाला ६०० ग्रॅम खारट शिजवलेलं अन्न जाणार असेल, तर ६ ग्रॅम मीठ झालं, म्हणजे बारीक मिठाचा एक सपाट चमचा (५ मिलिलिटरचा). जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची शिफारस दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाची आहे. ओझं घेऊन उन्हात चालताना घामातून मीठ जातं हे खरं, पण ती सबब सांगून दुप्पट मीठ खायची गरज नसते. ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी तर चमच्याने मोजल्याशिवाय मीठ घालूच नये.

चार माणसं, पाच दिवस म्हणजे २० चमचे, १२० ग्रॅम. त्यावर सांडणं, भिजणं आणि एखादा दिवस वाढणं यासाठी पाव हिस्सा. एकूण १५० ग्रॅम. आकारमानाने हे जेमतेम १२५ मिलिलिटर होतं. किलोभर मीठ घेऊन निघणारे गट पुष्कळ असतात, आणि ते तीन पाव मीठ परत आणतात.

चमच्याने मोजताना मीठ कोणतं हे बघा. बारीक मिठाचा चमचा ६ ग्रॅम, पण पापुद्र्यांच्या हलक्या मिठाचा चमचा ३ ग्रॅमच्या आसपास भरतो. घरी एका मिठावर हात बसलेला आणि डबीत दुसरंच मीठ, असं झालं की पहिल्या दिवशीचं जेवण हमखास बिघडतं.

मासे खारवून टिकवायचे असतील तर तो हिशेब निराळा. साफ केलेल्या १ किलो मासळीला कोरडं खारवण्यासाठी २०० ते ३०० ग्रॅम मीठ लागतं. ते जाडं मीठ वेगळ्या पिशवीत न्या आणि स्वयंपाकाच्या मिठात हात घालू नका.

मसाल्याचं प्रमाण भांड्यावरच. चार माणसांच्या एका भांड्याला पूड मसाला सपाट एक ते दीड चमचा. पाच दिवसांत अशी दहा भांडी शिजणार असतील तर २५ ते ४० ग्रॅम पूड झाली. अख्खे मिरे माणशी रोज वीसेक दाणे, म्हणजे सुमारे १ ग्रॅम. एवढंच. सात-आठ प्रकारच्या पुड्या नेऊन शेवटी तीनच उघडल्या जातात. त्या तीन कोणत्या हे घरीच ठरवावं.

मिठाचा दगड का होतो

शुद्ध मीठ २५ अंश सेल्सिअसला हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्के होईपर्यंत कोरडंच राहतं. त्यापुढे ते हवेतलं पाणी ओढू लागतं आणि दाण्यांवर खाऱ्या पाण्याचा पातळ थर धरतो. रात्री तंबूत श्वासाने आणि दवाने आर्द्रता ७५ च्या वर जाते, दुपारी खाली येते. रात्री सुटलेलं मीठ दुपारी दोन दाण्यांच्या मधल्या फटीत पुन्हा स्फटिक होऊन बसतं आणि दोन्ही दाणे सांधले जातात. अशा दोन रात्री गेल्या की गोळा तयार. दमट हवेत सतत ओलं राहणारं मीठ लगदा होतं, दगड होत नाही. दगड व्हायला ओल आणि सुकणं दोन्ही लागतात.

कच्चं समुद्री मीठ याहून लवकर पाणी सोडतं, कारण त्यात मॅग्नेशियम क्लोराइड असतं आणि ते ३३ टक्के आर्द्रतेलाच पाझरायला लागतं. असं मीठ न्यायचं असेल तर आठवडाभर आधी सुती पिशवीत घालून उंच टांगा, खाली वाटी ठेवा. वाटीत कडवट पाणी निथळतं. जे उरतं ते जास्त शुद्ध आणि जास्त कोरडं राहणारं. डब्यातल्या बारीक मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून घटक मिसळलेले असतात. ते दाण्यांना सांधू देत नाहीत, पण हवाच ओली असेल तर ओल थांबवत नाहीत.

इथेच तयार मिश्रणांचा घोळ सुरू होतो. मीठ एकटं ७५ टक्क्यांना पाझरतं, साखर एकटी साधारण ८५ टक्क्यांना. दोन्ही एकत्र केली की मिश्रण त्या दोन्ही आकड्यांच्या खालीच पाझरायला लागतं. त्यात आंबट पूड घातली की आणखी खाली. म्हणून घरी मोठ्या हौसेने केलेलं मीठ-साखर-आंबट-तिखट असं सगळं एकत्र मिश्रण दुसऱ्या दिवशी डबीच्या तळाशी चिकट वडी होऊन बसतं. कोरड्या, थंड हवेत मिश्रण चालेल. दमट हवेत मीठ वेगळं, साखर वेगळी, आंबट वेगळं न्यायचं आणि भांड्यावरच एकत्र करायचं.

निघण्याआधी मीठ भाजणं

आदल्या दिवशी मीठ कोरड्या तव्यात मंद आचेवर दहा मिनिटं हलवत राहा. सुरुवातीला ते तव्याला चिकटल्यासारखं जड वाटतं. कोरडं झालं की वाळूसारखं सळसळतं. त्या सळसळीवर आच बंद करा. जाडं मीठ असेल तर तडतडतं, कारण स्फटिकांत अडकलेलं पाणी वाफ होऊन ते फोडतं. झाकण अर्धवट ठेवा, डोळ्यात खडा उडतो. नंतर पसरून ठेवा आणि हाताला जेमतेम कोमट लागेल तेव्हा भरा. गरमागरम भरून झाकण लावलं तर उरलीसुरली वाफ आतच अडकते. रात्रभर उघडं ठेवलं तर भाजणं फुकट. लोखंडी तवा लगेच पुसून तेल लावून ठेवा.

मिठात तांदळाचे दाणे टाकायचा उपाय सगळ्यांना ठाऊक असतो. थोडे भाजलेले दहा-बारा दाणे टाका, पण त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. ते ओल थोडीशीच घेतात. डबी हलवताना गुठळ्या मोडणं हेच त्यांचं खरं काम.

भांडं

मीठ दोन हिश्श्यांत न्यायचं. ५०-६० ग्रॅमची रोजची डबी, आणि ९० ग्रॅमचा राखीव साठा दुसऱ्या माणसाच्या पिशवीत. एक ओढ्यात पडलं तरी दुसरं असतं, आणि राखीव मीठ रोज उघडलं जात नाही.

धातू टाळा. ओलं मीठ ॲल्युमिनिअमला खड्डे पाडतं, पत्रा गंजवतं, आणि स्टीलची डबीसुद्धा मीठ आत ठेवून महिनोन्महिने विसरलात तर टिपक्यांसारखी खाल्ली जाते. तांब्या-पितळेत मीठ आणि आंबट एकत्र तर मुळीच नको. फिरकीचं झाकण मिठासाठी वाईट: खारं पाणी आट्यांत चढतं, तिथे सुकतं आणि झाकण जाम होतं. झालंच तर झाकणावर गरम पाणी ओता, मीठ विरघळलं की सुटेल. पक्कड लावून मोडू नका. कॅमेऱ्याच्या फिल्मच्या जुन्या डब्या मापाने हव्या तशा असतात, पण त्या अन्नासाठी बनवलेल्या नाहीत.

जुन्या पद्धतीत बांबूची नळी सगळ्यात सोपी आणि वजनाला हलकी. बांबू पूर्ण वाळलेला हवा. हिरवा घेतला तर वाळताना उभा चिरतो आणि आत काळी बुरशी धरतो. आतला व्यास ४ सेंटिमीटर असेल असा तुकडा निवडा. एका बाजूला पेर (बांबूची बंद गाठ) ठेवा, तोच तळ. पेराखाली १ सेंटिमीटर सोडून कापा, वर १२ सेंटिमीटर ठेवून तोंड सरळ कापा. तासभर पाण्यात उकळा म्हणजे आतला गोडवा निघून जातो आणि भुंग्याचं भय कमी होतं. मग सावलीत दोन-तीन आठवडे. उन्हात ठेवायची घाई केली की चीर गेलीच समजा.

बुचाला मऊ, वास नसलेलं लाकूड घ्या. २ सेंटिमीटर आत जाईल असं, खालच्या टोकाला किंचित निमुळतं. घासताना पुन्हा पुन्हा बसवून बघा: बूच बोटाने दाबल्यावर अर्धं आत जावं आणि उरलेलं पिळत बसावं. नळी उलटी करून तळहातावर चारदा आपटा. मिठाची एक रेघही हातावर उमटली नाही तर बूच जमलं. दमट हवेत लाकूड फुगतं, त्यामुळे घरी करकचून बसवलेलं बूच जंगलात निघत नाही. किंचित सैल ठेवा आणि बुचावर मेणाचा हात फिरवा. बुचाच्या डोक्याला भोक पाडून दोरीने नळीला बांधून टाका, नाहीतर अंधारात ते पहिल्यांदा हरवतं. नळीला बाहेरून जवसाचं तेल चालेल. आतून कुठलंच तेल नको, खवट होतं आणि वास मिठाला लागतो. एवढी नळी सुमारे १५० मिलिलिटरची होते, पण बूच २ सेंटिमीटर जागा घेतं. १२० ग्रॅमच्या आसपास मीठ आरामात बसतं.

शिंगाची कुप्पी याहून टिकाऊ, पण शिंग उकळून आतला गाभा नीट काढलेला असावा, नाहीतर वास जन्मभर जात नाही. आगीजवळ ठेवली तर तडकते. कातड्याच्या पिशवीत मीठ थेट भरू नका. मीठ कातड्यातली ओल ओढतं, कातडं ताठ होऊन घडीवर फाटतं, आणि कमावताना वापरलेली रसायनं अन्नात यायची. आत सुती पिशवी, बाहेर कातडं असं चालेल.

कापडी पिशवी करायची तर घट्ट विणीचं सुती कापड आणि मधमाशांचं मेण. मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं. ते पाण्याच्या भांड्यात ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यातच वितळवा, थेट आगीवर पेट घेतं. ब्रशने पातळ हात द्या, मग जुना कागद वर ठेवून इस्त्री फिरवा म्हणजे मेण धाग्यात मुरतं. शिवण मेणाच्या आधी घाला. नंतर घातली तर सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी येतं. आकार लांबट ठेवा आणि मान अरुंद. इराणी भटक्या मेंढपाळांच्या विणलेल्या मिठाच्या पिशव्या अशाच बाटलीसारख्या असतात: मान दुमडली की ओल आत शिरत नाही आणि जनावराला तोंड घालता येत नाही.

मान बांधायची रीत महत्त्वाची. पिशवीतली हवा दाबून काढा, मान घट्ट पिळा, पिळलेली मान उलटी दुमडून स्वतःवरच आणा आणि त्या दुमडीवर दोरीचे तीन वेढे देऊन सुरगाठ मारा. नुसती नाडी ओढलेली पिशवी कितीही घट्ट दिसली तरी मधे बोटभर भोक राहतं.

मसाले

जेवढं अख्खं नेता येईल तेवढं अख्खंच न्या. मिऱ्याचा, जिऱ्याचा, जायफळाचा वास ज्या तेलांत असतो ती दाणा फुटेपर्यंत आत राहतात. पूड केली की पृष्ठभाग कितीतरी पटीने वाढतो आणि तेलं उडायला लागतात. दाणे कापडात गुंडाळून चपट्या दगडावर दुसऱ्या दगडाने ठेचा. कापड नसेल तर निम्मे दाणे गवतात जातात. पूड नेणं भागच असेल तर निघण्याच्या आदल्या दिवशी करा आणि एका भांड्याची एक पुडी अशा मोजून बांधा. मग दमट हवेत एक मोठी डबी दहादा उघडावी लागत नाही, आणि थकलेल्या माणसाला चुलीपाशी मोजत बसावं लागत नाही.

पुडीसाठी तळव्याएवढा चौकोनी, न छापलेला कागद. मसाला मधोमध नको, एका कोपऱ्याच्या जवळ. तो कोपरा मसाल्यावर दुमडा, दोन्ही बाजू आत घ्या, गुंडाळत न्या आणि शेवटचं टोक आतल्या घडीत खोचा. कागद मेण लावलेला असेल तर उत्तम. सगळ्या पुड्या कप्पे असलेल्या कापडी चंचीत रांगेने ठेवा, गुंडाळा, बांधा. कप्प्यांवर नाव लिहिण्यापेक्षा धाग्याला गाठी मारा: एक गाठ तिखट, दोन गाठी हळद. अंधारात अक्षर वाचता येत नाही, गाठ बोटाला कळते.

तिखट आणि लसणाची पूड ओल सगळ्यात लवकर धरतात. गुठळी झाली पण वास नेहमीचा असेल तर चोळून वापरा. कुबट वास किंवा पांढरा-हिरवा धागा दिसला की अख्खी पुडी टाकायची. बुरशीचं विष शिजवल्याने जात नाही.

चुलीपाशी

मीठ सगळ्यात जास्त बिघडतं ते वाफेने. उकळत्या भांड्यावर डबी धरून शिंपडलं की वाफ थेट आत जाते. आधी कोरड्या तळहातावर किंवा वाटीत घ्या, बूच लावा, मग भांड्यात टाका. ओला चमचा डबीत घालणाऱ्या माणसाला मिठापासून दूर ठेवा.

चुलीवर आच हातात नसते, पाणी अंदाजापेक्षा जास्त आटतं. दोन लिटरला बरोबर असलेलं मीठ एक लिटर उरल्यावर दुप्पट लागतं. म्हणून सुरुवातीला निम्मं, उतरवताना चाखून बाकीचं. जास्त झालंच तर पाणी किंवा अळणी धान्य वाढवणं हाच उपाय. बटाटा टाकला तर तो आपल्या वाट्याचं खारं पाणी पितो, उरलेल्या रश्श्याचा खारेपणा तसाच राहतो.

पाऊस थांबतच नसेल तर मीठ कोरडं ठेवायचा नाद सोडा आणि त्याचं पाणीच करा. १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळतं, त्यापुढे तळाशी राहतं. तळाशी थोडं मीठ दिसतंय अशा या पाण्याच्या एका चमच्यात जवळजवळ १.६ ग्रॅम मीठ असतं, म्हणजे बारीक मिठाच्या पाव चमच्याहून थोडं जास्त. प्रमाण चुकत नाही आणि गुठळीचा प्रश्नच संपतो. पाण्याचं वजन वाढतं, म्हणून हे मुक्कामावर पोचल्यावर करायचं. ओलं झालेलं मीठ फेकून देणारे लोक दिसतात. त्यात पाणी घाला, झालं.

जुलाब-उलट्यांसाठीचं घरगुती पाणी याच मिठातून होतं: १ लिटर स्वच्छ पाण्यात सपाट अर्धा चमचा मीठ आणि सपाट सहा चमचे साखर. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ते ओतून द्या आणि नव्याने करा. जास्त मीठ अपाय करतं. एवढी साखर हिशेबात वेगळी धरा.

जळवांसाठी मीठ नेणारे असतात. चिकटलेल्या जळूवर मीठ टाकलं तर ती सुटते, पण सुटताना पोटातलं जखमेत ओकू शकते. नखाने तिचं तोंड बाजूला सरकवून काढणं बरं.

रात्री मीठ तंबूबाहेर जमिनीवर ठेवू नका. हरणं, शेळ्या, साळिंदर मिठाच्या ओढीने येतात; घामाने खारट झालेले कुऱ्हाडीचे दांडे आणि पट्टेसुद्धा साळिंदर कुरतडतं. अस्वलांच्या मुलखात मसाल्याची चंची बाकीच्या अन्नाबरोबरच, झोपण्याच्या जागेपासून लांब, उंच टांगायची. वास अन्नाचाच असतो, मग तो पुडीतून का येईना. उरलेलं खारं पाणी झाडाच्या बुंध्याशी किंवा ओढ्यात ओतू नका.

घरी आल्यावर नळी रिकामी करा, उरलेलं मीठ झटकून टाका, पाण्याने एकदा धुवा आणि बूच न लावता सावलीत उलटी ठेवा. कापडी पिशवी थंड पाण्याने पुसा, गरम पाण्याने मेण निघतं. चंची उलटी करून उन्हात झटका. कोपऱ्यात राहिलेली चिमूटभर पूड पुढच्या खेपेपर्यंत किडे धरते.